बाईंचे तीन हजार

दिवाळी तोंडावर आली आणि मोठ्या दुकानांच्या गल्ल्यापाशी गिफ्ट कार्डांचे स्टँड पुन्हा लागले. सोनेरी पाकीट, वर लाल फीत, आत प्लॅस्टिकचं चकचकीत कार्ड. ते दिसलं की सध्या माझं डोकं तापतं, कारण अशाच एका कार्डात आमच्या बाईंचे तीन हजार रुपये अडकलेत.

बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या शिक्षिका, आता निवृत्त. जानेवारीत त्यांना पंच्याहत्तर पूर्ण झाली, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी सत्कार केला. बाईंच्या कपाटातला एक अख्खा कप्पा सत्काराच्या शालींनी भरलाय. घडीही न मोडलेल्या शाली, प्रत्येकीत डांबरगोळी. त्या वापरवत नाहीत आणि कुणाला देऊन टाकायलाही बाईंचं मन होत नाही. कुठल्याही निवृत्त शिक्षकाच्या घरात हेच दिसेल. आपण वर्षानुवर्षं माणसाचा मान करतो, पण त्याला काय हवंय ते विचारत नाही. या वेळी मुलांनी तो विचार केला, याचं मला फार बरं वाटलं होतं. शाल नको, बाईंनी स्वतः निवडून साडी घ्यावी, म्हणून वर्गणी काढून त्यांनी एका मोठ्या कापड दुकानाचं कार्ड आणलं.

बाई एकट्या खरेदीला जात नाहीत. गणपतीत लेक नाशिकहून आली, तेव्हा दोघी गेल्या. तासभर पाहून मोरपंखी इरकल निवडली. गल्ल्यावरच्या मुलाने कार्ड मशीनला लावलं आणि म्हणाला, "आजी, हे एक्सपायर झालंय." मागे रांग होती. बाईंनी पर्स उघडली, पैसे मोजून दिले आणि साडी घेऊन घरी आल्या. लेकीला बजावलं, मुलांना यातलं काही कळवू नकोस, त्यांना वाईट वाटेल.

मी ते कार्ड हातात घेऊन पाहिलं. मागच्या बाजूला करड्या, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय की विक्रीच्या दिवसापासून सहा महिने वैध. विक्रीचा दिवस कोणता, ते कार्डावर कुठेही नाही. तो बिलावर असतो, आणि भेट देताना बिल कोण देतं? म्हणजे ज्याला कार्ड वापरायचंय, नेमकी त्यालाच मुदत कळू नये अशी ही व्यवस्था. वर भेट मिळालेला माणूस संकोचाने गप्प बसतो आणि देणाऱ्याला पत्ताच लागत नाही. माल दुकानातच, पैसेही दुकानाकडे. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

आता कायदा. अनेक दुकानांत चालणारी गिफ्ट कार्डं बँका किंवा परवानाधारक कंपन्या काढतात. त्यांना रिझर्व्ह बँकेचे २०२१चे निर्देश लागू आहेत. अशा कार्डाची मुदत किमान एक वर्ष हवी, ती संपण्याआधीच्या ४५ दिवसांत ग्राहकाला सूचना द्यायला हवी, आणि मुदत संपली तरी उरलेली रक्कम किमान तीन वर्षं कंपनीला स्वतःच्या नफ्यात धरता येत नाही. पण दुकानाने फक्त स्वतःच्या मालासाठी काढलेलं कार्ड या नियमांच्या बाहेर राहतं. त्याला किमान मुदतीचा असा नियम नाही. ऑस्ट्रेलियात २०१९पासून दुकानाच्या कार्डालाही तीन वर्षं मिळतात. अमेरिकेत २००९च्या कायद्याने पाच. आपल्याकडे दोन्ही कार्डं एकाच स्टँडवर टांगलेली असतात, आणि फरक सांगणारी पाटी मला तरी कुठे दिसली नाही.

तरी आपण अगदीच निराधार नाही. बाई मला म्हणाल्या, "अरे, पैसे मुलांनी भरले, मी कुठल्या तोंडाने तक्रार करू?" बहुतेकांना असंच वाटतं. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, पैसे भरणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा किंवा सेवेचा लाभ घेणारा माणूसही ग्राहकच आहे. तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावावाच लागतो असं नाही, आणि त्यासाठी दोन वर्षांचा अवधी असतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा.

वर्गणी गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याला मी शेवटी सगळं सांगितलंच. त्याच्या मोबाइलवर पैसे भरल्याची नोंद सापडली. आम्ही ती घेऊन दुकानात गेलो. व्यवस्थापक सभ्यपणे बोलले. एक वेळची सवलत म्हणून कार्ड पंधरा दिवसांसाठी चालू करून देतो म्हणाले. बाईंना ते मान्य नाही. साडी घेऊन झालीय, पंधरा दिवसांत दुसरी कशाला घेऊ, माझे पैसे मला परत द्या, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात दुकानाला पत्र लिहिलंय, त्याची प्रत काढून ठेवलीय आणि स्पीड पोस्टाची पावती तिला टाचलीय. उत्तर आलं नाही, तर दिवाळीनंतर आम्ही आयोगात जाणार आहोत.