दया नव्हे, हक्क!

आंधळ्या वा बहिऱ्या मुलास शाळेत घेणे हे मास्तरांचे औदार्य होय, अशी समजूत वऱ्हाडातील खेड्यापाड्यांतून अजून आहे. ती समूळ खोटी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ अन्वये ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास शेजारच्या अथवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड मुलाची, मुख्याध्यापकाची नव्हे. ब्रेल जाणणारे शिक्षक, साधने, लेखनिक, परीक्षेत जादा वेळ ही कलम १७ अन्वये शासनाची व जिल्हा परिषदेची जबाबदारी आहे.

अमरावती जिल्ह्यातील वझ्झरच्या बालगृहात वाढलेल्या दृष्टिहीन माला पापळकर २०२४ साली लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. उणीव मुलांत नाही, व्यवस्थेत आहे.

आणि बंधुभगिनींनो, अपंगत्व हे पूर्वजन्मीचे पाप मानून आपणच लेकरू घरी बसवीत असू, तर ज्या तर्काने आपल्या वाडवडिलांस शाळेबाहेर बसविले, तोच तर्क आपण आपल्या पोटच्या पोरावर चालवीत आहोत. प्रवेशाचा अर्ज लेखी द्या; नकार मिळाल्यास तोही लेखी मागा.