किल्ल्या नंतर, आधी महिनाभर कांदा

शेतकरी उत्पादक कंपनीत नवा सीईओ आला की आपल्याकडं काय होतं? नारळ फुटतो, हार पडतो आणि दुसऱ्या दिवशी साहेब लॅपटॉप उघडून बिझनेस प्लॅन दाखवायला लागतात. मंडळी, माझा राग माणसावर नाही, या पद्धतीवर आहे.

कंपनी कायदाच सांगतो की उत्पादक कंपनीचा मुख्य कार्यकारी पूर्णवेळ हवा आणि तो सभासदांपैकी नको. म्हंजे येणारा माणूस धरूनच बाहेरचा. वर तो संचालक मंडळावर पदसिद्ध बसतो. मग आल्या दिवशी त्याला सगळं कळतं, असं आपण कशाच्या जोरावर धरतो? केंद्राच्या २०२० च्या दहा हजार एफपीओ योजनेत त्याच्या पगाराला महिना २५,००० रुपयांपर्यंत मदत आहे, तीही तीनच वर्षं. त्यातले सहा महिने साहेबांच्या शिकण्यात गेले, तर ती शिकवणी आपल्याच भागभांडवलातून.

आमच्या अलिबाग पट्ट्यात भात कापलं की त्याच ओलीवर पांढरा कांदा लागतो. फेब्रुवारी-मार्चात निघतो, सुकतो, मग बायका माळा वळतात. येणाऱ्यानं रुजू व्हायच्या आधी तो महिना इथं काढावा. खळ्यात बसावं, कुठला कांदा माळेतून बाजूला पडतो ते बघावं, वळणारीची मजुरी विचारावी. एका नव्या साहेबांनी वाहतूक वाचवायला पात शेतातच कापायला लावली होती. पात गेली की माळ कशाची वळणार? गिऱ्हाईक आपला कांदा माळेवरून ओळखतं. तो माल पोत्यात गेला आणि साध्या कांद्याच्या भावानं विकला.

२०२२ ला जीआय मिळालं म्हणून लेबल छापायची घाई असते. पण ते नाव वापरायला शेतकऱ्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती यादी आधी बघा, छापखाना नंतर. खारेपाटात जाऊन उघाडी आणि बांधही बघा. खारीत पनवेल-३ सारखं भात का लागतं हे न बघता सगळ्यांना एकच बियाणं मागवणारे असतात. कृषी पदवी घेतलेलेसुद्धा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हंजे इतिवृत्ताची वही वाचा आणि शेअर घेऊन माल द्यायचं बंद केलेल्या सभासदांच्या घरी जा. चहा देतील, चार शिव्याही देतील. कंपनी कुठं गळते ते तिथंच कळेल, ऑडिट रिपोर्टात नाही. व्यापाऱ्यालाही भेटा. त्याला शत्रू समजून सुरुवात करणाऱ्याला कळतच नाही की अडल्या वेळी उचल तोच देतो आणि माल त्याच्याकडंच का जातो.

फुकट कोण राबणार, असं कोणी म्हणेल. फुकट नकोच. मंडळानं त्या महिन्याचं मानधन द्यावं आणि जुन्या सीईओला तेवढे दिवस सोबत थांबवावं. गोदामाच्या किल्ल्या आणि चेकबुक मात्र महिना संपल्यावर.

येत्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडतोय. अनुमोदक हवाय.