विमा आहे, औषध नाही
२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारचा आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे देशाच्या एकूण वार्षिक उत्पादनाच्या, अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्केच होता. २०१८ पासूनची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देते, आणि तो आधार मोलाचाच आहे, पण तो मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपुरता. रक्तदाबाची रोजची गोळी ‘बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी हाती पडली, की तिचे पैसे रुग्णाच्याच खिशातून जातात, आणि गोळी सुटली की पक्षाघाताचा धोका वाढतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधांच्या कपाटासाठी राज्यांनी येत्या अर्थसंकल्पात पुरेशी तरतूद करावी.