लॉर्ड बाउलरची बरोबरी

वाचकहो, 'शोले' न पाहिलेले घर आपल्यात शोधून सापडणार नाही. उजाड माळरान, डोंगरात दडलेले डाकू, घोड्यांच्या टापा आणि पैसे देऊन आणलेले दोन बहाद्दर. 1975 सालच्या या चित्रपटाचा पोशाख आपला असला तरी घडण अमेरिकेच्या 'वेस्टर्न' चित्रपटांवरून घेतलेली आहे. वेस्टर्न म्हणजे तिकडच्या पश्चिम भागातील काऊबॉय, शेरीफ आणि लुटारूंच्या गोष्टी. आज अशाच एका दूरदर्शन मालिकेविषयी सांगायचे आहे. ती एकच वर्ष चालली, पण तीस वर्षे उलटली तरी तिचे चाहते तिला विसरलेले नाहीत.

मालिकेचे नाव 'द ॲडव्हेंचर्स ऑफ ब्रिस्को काउंटी, ज्युनिअर'. अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीवर 27 ऑगस्ट 1993 रोजी ती सुरू झाली आणि मे 1994 मध्ये संपलीसुद्धा. भाग झाले अवघे 27. जेफ्री बोम आणि कार्लटन क्यूज हे तिचे निर्माते. यांपैकी क्यूज यांचे नाव पुढे 'लॉस्ट' या मालिकेमुळे जगभर झाले.

कथेचा काळ 1893 चा. ब्रिस्कोचा बाप नावाजलेला मार्शल, म्हणजे सरकारचा पोलीस अधिकारी. जॉन ब्लाय नावाचा खलनायक आणि त्याची टोळी त्याचा खून करते. मुलगा हार्वर्ड विद्यापीठात वकिली शिकलेला, पण कोर्टकचेरी सोडून तो बाउंटी हंटर झालेला असतो. फरारी गुन्हेगार पकडून द्यायचा आणि इनाम घ्यायचे, हा त्याचा धंदा. सॅन फ्रान्सिस्कोचे धनाढ्य शेठ त्याला या टोळीच्या मागावर पाठवतात. ब्रिस्कोची भूमिका ब्रूस कॅम्पबेल या नटाने मोठ्या मिस्कीलपणे केली आहे.

इथपर्यंत गोष्ट नेहमीचीच वाटेल. पण ही मालिका चाकोरी सोडून जाते. तिच्यात रुळांवरून धावणारे रॉकेट आहे. नवनवी यंत्रे बनवणारा एक विक्षिप्त प्राध्यापक आहे. आपल्या पिस्तुलावर जीव टाकणारा आणि मेला मेला म्हणता पुन्हा हजर होणारा पीट हटर नावाचा गुंड आहे. ब्रिस्कोचा घोडा कॉमेट तर इतका हुशार, की आपण घोडा आहोत हे त्याला ठाऊकच नाही, असा विनोद चालतो. सगळ्यांत गूढ म्हणजे जमिनीतून सापडलेला एक गोळा. पहिल्याच भागात साखळदंडात राबणाऱ्या चिनी मजुरांच्या हाती तो लागतो, त्यांच्या अंगात अचाट बळ येते आणि ते आपल्या बेड्या तोडतात. कष्टकऱ्याच्या घरात हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही.

पण या मालिकेबद्दल लिहावेसे वाटले ते लॉर्ड बाउलरमुळे.

बाउलर हा काळा माणूस. तोही बाउंटी हंटर, माग काढण्यात पटाईत. सुरुवातीला तो ब्रिस्कोचा प्रतिस्पर्धी असतो. दोघे एकमेकांवर कुरघोडी करतात, भांडतात, आणि हळूहळू जिवलग साथीदार होतात. तो ब्रिस्कोचा नोकर नाही की सामान उचलणारा गडी नाही. मतभेद असला तर तोंडावर सांगतो. आणि नावापुढे त्याने 'लॉर्ड' लावले आहे! ज्या समाजाच्या माणसाला गोऱ्याने वयाचा मान न ठेवता 'पोरा' म्हणून हाक मारायची, त्यातला माणूस सर्वांना स्वतःस 'लॉर्ड' म्हणायला लावतो. ज्युलियस कॅरी या शिकागोच्या उंचापुऱ्या नटाने ही भूमिका अशी वठवली, की चाहते नायकाइतकेच त्याचे नाव घेतात. 2008 मध्ये वयाच्या 56 व्या वर्षी त्याचे निधन झाले.

यात विशेष काय, असे कोणी विचारील. विशेष हे, की वेस्टर्नच्या पडद्यावर काळा माणूस बहुधा दिसतच नसे. खरा इतिहास मात्र निराळा आहे. जुन्या पश्चिमेतील दर चार काऊबॉयपैकी एक काळा असावा, असा अंदाज इतिहासकार देतात. बास रीव्ज हे नाव आपल्या मुलांना जरूर सांगा. 1838 साली गुलाम म्हणून जन्मलेला हा माणूस 1875 मध्ये डेप्युटी मार्शल झाला आणि 1907 पर्यंत त्याने ती नोकरी केली. त्याने 3,000 हून अधिक गुन्हेगार पकडल्याचे सांगितले जाते. गुलामाला अक्षर शिकू दिले नव्हते, म्हणून तो वॉरंट दुसऱ्याकडून वाचून घेई आणि पाठ करून निघे. स्वतःच्या मुलावर खुनाचा आरोप आला, तेव्हा त्यालाही त्याने स्वतः पकडून आणले. एवढा मोठा माणूस, पण त्याच्या आयुष्यावरची मोठी दूरदर्शन मालिका यायला 2023 साल उजाडले.

मधल्या काळात प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 1968 मध्ये एबीसी वाहिनीवर 'द आउटकास्ट्स' म्हणजे 'बहिष्कृत' नावाची मालिका आली होती. तिच्यात एक पूर्वीचा गुलाम आणि एक पूर्वीचा गुलामांचा मालक एकत्र काम करतात. तीही 26 भागांत आटोपली. पंचवीस वर्षांनी बाउलर आला तो हसतखेळत, जणू ही बरोबरी अगदी साधी गोष्ट आहे.

ती साधी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. खऱ्या 1893 सालात शिकागोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. प्रगतीचा एवढा गाजावाजा, पण काळ्या समाजाला त्यात मानाचे स्थान नव्हते. तेव्हा फ्रेडरिक डग्लस आणि आयडा बी. वेल्स यांनी पुस्तिका काढून जगापुढे सवाल टाकला, की आम्ही या प्रदर्शनात का नाही? जमाव काळ्या माणसांना फासावर लटकवत होता, तो हाच काळ. ब्रिस्कोचा सूर हलकाफुलका आहे. ते दुःख मांडायला ती मालिका निघालेली नव्हती. म्हणून तिला इतिहास समजू नये. पण पडद्यावर दोन माणसे बरोबरीने घोडे हाकताना दाखवणे, हेही काही कमी नाही. ज्याला आजवर चित्रातूनच वगळले, त्याला शेजारी आणून बसवले की पाहणाऱ्या पोराच्या मनात नवे चित्र तयार होते.

मालिका बंद का पडली? प्रेक्षकसंख्या कमी पडली, एवढेच. शुक्रवारी रात्री तिच्या पाठोपाठ 'द एक्स-फाइल्स' लागे. वाहिनीची जास्त भिस्त ब्रिस्कोवर होती. पण चालली ती दुसरी, आणि 2002 पर्यंत चालली. ब्रिस्को काही पुन्हा उभी राहिली नाही. तरी रँडी एडेलमन यांनी तिला दिलेली धून एनबीसी वाहिनीने पुढे ऑलिंपिकच्या प्रक्षेपणात वापरली. मालिकेचे नावही न ऐकलेल्या लाखो लोकांनी ती धून ऐकली आहे. 2006 मध्ये सगळे भाग डीव्हीडीवर आले, तेही चाहत्यांनी आठवण धरून ठेवली म्हणूनच.

ब्रिस्कोला सतत एका गोष्टीचा ध्यास असतो. तो तिला 'येणारी गोष्ट' म्हणतो. नवे शतक दाराशी आहे, नवे काहीतरी येत आहे, आणि ते ओळखायला डोळे उघडे हवेत, असे तो मानतो. इतर वेस्टर्न गेलेल्या दिवसांसाठी गळा काढतात. ही मालिका पुढे पाहते. ज्याचा भूतकाळ बेड्यांचा, त्याने मागचे दिवस सोन्याचे होते असे कशाला म्हणावे? त्याची आशा पुढेच असणार.

तेव्हा माता-पित्यांनो, मुलांबरोबर टीव्ही पाहायला बसाल तेव्हा त्यांना एक प्रश्न विचारत जा. घोड्यावर कोण आहे, आणि पायी मागून चालणारा कोण? त्याला नाव आहे का, त्याला बोलू दिले आहे का? मुले पटकन उत्तर देतील. आणि मग पुढचा प्रश्न ती स्वतःच विचारतील.