सातबारा स्वच्छ, पण विहिरीच्या पाण्याचं काय?

हडपसर : फुरसुंगी, उरुळी देवाची, मांजरी, हांडेवाडी या पट्ट्यात गुंठ्यांचे व्यवहार सारखे सुरू असतात. घेणारा सातबारा बघतो, फेरफार काढतो, वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेतो. पण त्या जागेवर किंवा बांधाला लागून असलेल्या कारखान्यावर प्रदूषणाची नोटीस निघाली होती का, हे यातल्या एकाही कागदावर दिसत नाही. ते मागूनच घ्यावं लागतं. अन् कुठं मागायचं, इथंच बहुतेकांची गाडी अडते.

फुरसुंगी-उरुळीकरांना हे वेगळं सांगायला नको. पुणे शहराचा कचरा इथल्या डेपोत वर्षानुवर्षे पडला, त्याचं काळं पाणी जमिनीत मुरलं, विहिरी नासल्या आणि टँकर सुरू झाले. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. म्हणजे नोंदी आहेत, फक्त एका दप्तरात नाहीत. ही दोन गावं २०१७ पर्यंत ग्रामपंचायतीत होती, मग महापालिकेत गेली, पुढं वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. मुरूम उपशाचा दंड तहसील कार्यालयात, सांडपाणी आणि धुराची फाईल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळात. 'ते आमच्याकडं नाही, तिकडं जा' हे उत्तर म्हणूनच सोपं पडतं.

पण माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये या टोलवाटोलवीला उतारा आहे. कलम ६(३) नुसार चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा आणि अर्जदाराला कळवायचं. हेलपाटे अर्जाने घालायचे, माणसाने नाही. माहिती कशाला पाहिजे, हेही सांगावं लागत नाही.

अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. त्यामुळं 'कारवाई का झाली नाही?' असं भांडण अर्जात घालू नये, त्याला उत्तर मिळत नाही. गट नंबर, गाव आणि कालावधी लिहून नोटिसा, पंचनामे, पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल, मंडळाचं संमतीपत्र यांच्या प्रती मागाव्यात. कागदाला 'का' विचारता येत नाही, त्याची प्रत मागता येते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. 'या गटाबाबत कोणतीही नोटीस नाही' असं उत्तर आलं म्हणजे जागा स्वच्छ, असं नव्हे. तपासायला कोणी गेलंच नसेल तर नोटीस निघणार कुठून? म्हणून पाहणी कोणत्या तारखांना झाली, हेही त्याच अर्जात मागावं. पाहणीच नसेल तर व्यवहाराआधी पाण्याचा नमुना स्वतः तपासून घेतलेला बरा. लाखांच्या व्यवहारात तो खर्च किरकोळ आहे.

उत्तराची मुदत ३० दिवस. कारखान्याची माहिती असेल तर त्याचं म्हणणं मागवलं जातं, तेव्हा ४० दिवस लागू शकतात. मुदत टळली किंवा उत्तर अर्धवट आलं तर ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, पुढं ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. आयोगाकडे तारखा लांबतात, त्यामुळं पहिलं अपील नेटानं लढवायचं.

आणखी एक दार आहे, ते फार कमी जणांना माहीत आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २५(६) नुसार मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची असते. सांडपाण्याची झळ बसणाऱ्याला ती पाहता येते. शेजारच्या शेतकऱ्याचा हा हक्कच आहे.

शिवाय २०१८ च्या राज्य सरकारच्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाईल पाहता येते. याची सुरुवात पुणे महापालिकेतूनच झाली होती. सोमवारी जाऊन फाईल चाळली, नोटिशीचा जावक क्रमांक आणि तारीख टिपून घेतली, की अर्जात नेमकं तेच लिहिता येतं.