साहित्य कोणते न्यावे?

'साहित्य' हा शब्द मराठीत मोठा सोयीचा आहे. एम. ए.च्या वर्गात तो उच्चारला की ज्ञानेश्वरीपासून दलित आत्मकथनांपर्यंतचा पट डोळ्यांपुढे येतो, आणि पाककृतीच्या वहीत तोच शब्द रवा, साखर आणि तूप एवढ्यावर समाधान मानतो. सध्या आमच्या घरात या शब्दाच्या दोन अर्थांमध्ये जागेवरून तंटा लागला आहे. पत्नीला पर्थमध्ये नोकरी मिळाली असून येत्या काही महिन्यांत आमचा मुक्काम पणजीहून तिकडे हलेल. समुद्रमार्गे सामान पाठवण्यासाठी आमच्या वाट्याला दीड घनमीटर जागा आली आहे. त्यात पुस्तके बसवायची की गेली अकरा वर्षे ज्यांच्या आधाराने मी दोना पावलाच्या पाण्यावर उभा राहत आलो ती शिडे, असा हा प्रश्न आहे. मराठीचा प्राध्यापक विंडसर्फिंग करतो याचे अनेकांना नवल वाटते. ते नवल तूर्त बाजूला ठेवू.

या बाबतीत सल्ला देणारांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, सगळे विकून टाका, तिकडे नवे घ्या. दुसरा म्हणतो, जमेल तितके घेऊन जा, तिकडे सगळे महाग. दोन्ही पंथ विचार करतात तो केवळ पैशांचा. माझ्या मते हा प्रश्न मुळात वाऱ्याचा आहे. पैशांचा हिशोब त्यानंतर सुरू होतो.

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनीच 'खारे वारे आणि मतलई वारे' हा धडा पाठ केला आहे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला धावते. हे खारे वारे. रात्री नेमके उलट, म्हणून मतलई. परीक्षेपुरते पाठ केलेले हे ज्ञान पाण्यावर गेल्याशिवाय अंगी लागत नाही. गोव्यात पावसाळा संपून आकाश निवळले की दुपारी वायव्येकडून खारा वारा उतरतो, आणि फेब्रुवारी ते मे हा त्याचा खरा हंगाम. तरीही तो प्रकृतीने सौम्य. दहा-बारा नॉटचा, क्वचित पंधरापर्यंत जाणारा. जून उजाडला की समुद्र आपल्याला दार लावून घेतो आणि पुढचे चार महिने डोलकाठ्या पलंगाखाली पडून राहतात.

पर्थचा वाराही खाराच, पण तो दांडगा. तिथे त्याला 'फ्रीमँटल डॉक्टर' असे नाव आहे; उन्हाळ्याच्या काहिलीवर उतारा घेऊन येतो म्हणून डॉक्टर. डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत दुपारच्या सुमारास तो नैर्ऋत्येकडून येतो आणि किनाऱ्यावर पंधरा ते वीस नॉट ही त्याची नेहमीची चाल. त्याहून जोराचे दिवसही पुष्कळ. १९८७ साली अमेरिका चषकाच्या शर्यती फ्रीमँटलला झाल्या तेव्हा हा वारा जगभरच्या शिडाच्या नौकांना ठाऊक झाला. उन्हाळ्यात सकाळी मात्र तिथे पूर्वेकडचा, वाळवंटावरून येणारा कोरडा आणि झटके देणारा वारा असतो. भूगोलाच्या काटेकोर भाषेत तो नुसता मतलई वारा नव्हे, दक्षिणेकडच्या उच्च दाबाच्या पट्ट्याशी त्याचा संबंध आहे. पण जमिनीकडून समुद्राकडे वाहतो एवढे खरे. म्हणजे नवशिक्याला खोल पाण्याकडे ढकलणारा, तेव्हा त्याच्याशी सलगी नको.

आता साहित्याकडे वळू. बोर्डाचे आकारमान लिटरमध्ये मोजतात आणि त्यामागचे गणित आर्किमिडीजचे आहे: एक लिटर म्हणजे साधारण एक किलो भार तरंगवण्याची क्षमता. माझे वजन बहात्तर किलो, बोर्डाचे सात-आठ, शीड-डोलकाठी-बूम मिळून आणखी नऊ-दहा. म्हणजे नव्वद लिटरच्या बोर्डावर मी वाऱ्याविना उभा राहिलो तर जेमतेम बुडता बुडता वाचेन. गोव्याच्या वाऱ्यात अशा बोर्डाचा उपयोग शून्य. इथे माझा बोर्ड १४५ लिटरचा, रुंद, शेपटीखाली ४६ सेंटिमीटरचा फिन आणि वर आठ चौरस मीटरचे शीड. पर्थच्या दुपारी हीच जोडी घेऊन उतरलो तर शीड हातात राहणार नाही आणि बोर्ड लाटेवर आपटत राहील. तिथे माझ्या वजनाच्या माणसाला नव्वद-पंचाण्णव लिटर आणि पाच-सव्वापाच चौरस मीटर पुरते.

तेव्हा पहिला निर्णय: मोठा बोर्ड आणि आठचे शीड इथेच राहील. यात वाऱ्याइतकाच आणखी एक विचार आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे या खेळाचे साहित्य गल्लीच्या दुकानात मिळत नाही. ते बाहेरून येते, आयातशुल्क भरून येते, आणि एकदा आले की या हातातून त्या हातात फिरत राहते. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत इबाद अलीने आरएस:एक्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. तो बोर्डप्रकार तोवर ऑलिंपिकमधून बाद झालेला होता. तिथे २०२४ पासून पाण्याबाहेर उचलला जाणारा, फॉइलवर चालणारा आयक्यूफॉइल आला. जगाने टाकून दिलेल्या साधनावर आपली मुले शिकतात आणि तरी पदक आणतात, हे कौतुकाचे तितकेच विचार करायला लावणारे आहे. अशा ठिकाणाहून तरंगणारा, स्थिर, शिकाऊ माणसाला सोसणारा बोर्ड उचलून जिथे तो नुसता गॅरेजमध्ये पडून राहील अशा ठिकाणी न्यायचा, हे मला पटत नाही. तो विकूही नये. मी तो दोना पावलाला येणाऱ्या दोन पोरांच्या ताब्यात देणार आहे. त्यांतले एक अजून शीड पाण्यातून उचलताना तोंडावर पडते.

बोर्ड न्यावा असे सुचवणारांना एक व्यावहारिक गोष्टही सांगायला हवी. बोर्ड म्हणजे फोमच्या गाभ्यावर इपॉक्सीचे पातळ कवच. उन्हात उभ्या असलेल्या कंटेनरच्या उष्णतेत आतली हवा फुगते आणि कवच गाभ्यापासून सुटू लागते. हवा निघून जावी म्हणून अनेक बोर्डांना एक छोटा स्क्रू असतो. तो प्रवासात सैल ठेवायचा आणि पाण्यात उतरण्यापूर्वी न विसरता घट्ट करायचा. विमानाने न्यायचा म्हटले तर लांबीच्या मर्यादा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, आणि काउंटरवरच्या माणसाच्या त्याहून वेगळ्या.

बोर्डावर सगळ्यांचा जीव असतो, कारण तो दिसतो, रंगीत असतो, त्याच्यासोबत फोटो निघतात. खरी मेख मात्र डोलकाठी आणि शीड यांच्या जोडीत आहे. डोलकाठ्या ३७०, ४००, ४३०, ४६०, ४९० सेंटिमीटर अशा ठरीव लांबीच्या येतात. दोन तुकड्यांच्या असल्यामुळे निम्म्या लांबीत मावतात, हा त्यांचा उपकार. पण लांबी जुळली म्हणजे झाले असे नाही. डोलकाठी किती वाकते आणि कुठे वाकते यावर शिडाचा सगळा पोटफुगार ठरतो. कोणाची टोकाकडे लवचिक, कोणाची टोकाकडे ताठ, कोणाची मधोमध सारखी. एका कंपनीचे शीड दुसऱ्या स्वभावाच्या डोलकाठीवर चढवले तर दोन चांगल्या गोष्टींचा मिळून एक वाईट संसार होतो. म्हणून शीड आणि तिची डोलकाठी वेगळी करू नये. न्यायची तर दोन्ही, ठेवायची तर दोन्ही. पारदर्शक फिल्मची जुनी शिडे मात्र नेण्यापूर्वी उन्हाकडे धरून पाहावीत. गोव्याच्या उन्हात पाच-सहा वर्षे काढलेली फिल्म ठिसूळ होते आणि पहिल्या जोरदार आपटीत काचेसारखी तडकते.

लहान वस्तूंबाबत माझे मत उलट आहे: त्या सगळ्या न्याव्यात. हार्नेस अंगाच्या मापाने घडलेला असतो, त्याचा हूक कमरेच्या कोणत्या उंचीवर बसतो हे पाठीला ठाऊक असते. हार्नेसच्या दोऱ्या, पायातले रबरी बूट आणि डोलकाठीच्या बुडाचा सांधा हे मिळून एका पिशवीत मावते. तो सांधा तर या खेळाचा प्राण आहे. शिडाच्या होडीत डोलकाठी होडीला जखडलेली असते. इथे ती कोणत्याही दिशेला कलू शकते आणि सुकाणू नसतानाही माणूस नुसते शीड पुढेमागे झुकवून दिशा बदलतो. या कल्पनेचे पेटंट अमेरिकेत श्वाइत्झर आणि ड्रेक या दोघांनी मागितले ते १९६८ साली. पुढे इंग्लंडमध्ये खटला चालला आणि १९८५ साली तिथल्या न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरवले. कारण पीटर चिल्व्हर्स नावाच्या एका मुलाने १९५८ मध्येच, बारा वर्षांचा असताना, हेलिंग बेटावर असेच काहीसे जोडून चालवले होते. त्याचा बूम सरळ लाकडांचा होता, वाकवलेला नव्हता, एवढाच काय तो फरक. आपल्याकडे वाङ्मयचौर्याच्या चर्चा रंगतात तेव्हा मला हा निकाल आठवतो. असो.

पुस्तकांच्या वतीने माझे सहकारी भांडतात. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' सोडून प्राध्यापक शिडाची गुंडाळी नेतो, हे त्यांना प्रतीकात्मक वाटते. मला ते तसे वाटत नाही. तो कोश आज संगणकावर शोधता येतो, मोल्सवर्थही येतो. तिकडे बसून मी 'मतलई'ची व्युत्पत्ती इथल्याइतक्याच वेळात काढू शकेन. सात चौरस मीटरचे शीड मात्र पडद्यावर उघडत नाही. शिवाय पर्थला मी काय असेन हेही सांगता येत नाही. तिथे मराठीचा वर्ग नाही, म्हणजे माझी नोकरी नाही. निदान पहिली दोन वर्षे मी कोणाच्या तरी पत्रावर अवलंबून असलेला नवरा असेन. अशा माणसाला संध्याकाळी चार वाजता करता येण्याजोगे एखादे काम हवे, जे करताना तो कोण आहे हे कोणी विचारत नाही. सहीशिक्क्याची, लेखकाने दिलेली, समासांत माझ्या टिपा असलेली चाळीसेक पुस्तके येतील. बाकीची कॉलेजच्या ग्रंथालयाला.

आता वादाचा मुद्दा उरला तो सातच्या शिडाचा. वाऱ्याचा हिशोब म्हणतो, पर्थला तिची गरज नाही. पत्नीचेही तेच म्हणणे आहे, आणि घनमीटरचा तक्ता तिच्या हातात आहे. माझे म्हणणे असे की तिथला एप्रिल-मे निवांत असतो, डॉक्टर तेव्हा रजेवर जातो, आणि स्वान नदीच्या रुंद पात्रात दहा नॉटवर फिरण्यासारखे दिवस येतात. जोराच्या वाऱ्यात मी तिकडे नवशिका असेन, पहिली दोन-तीन वर्षे बहुधा आपटतच काढीन. हलक्या वाऱ्यात मात्र मला येते. जाईन तिथे एक तरी गोष्ट येत असलेली बरी. तेव्हा सात आणि तिची ४६० ची काठी जाणार. बदल्यात चार खुर्च्या वगळल्या आहेत.

मग धुण्याचे काम. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. वापरलेल्या सामानावर माती, वाळू, बी-बियाणे काही दिसले की तपासणी, साफसफाई आणि तिचा खर्च आपल्या माथी. शिडाच्या पट्ट्यांचे खिसे, डोलकाठीची बाही, बुटांचे तळवे यांत वाळू हमखास असते. गोड्या पाण्याने दोनदा धुऊन, पट्ट्या काढून, सावलीत वाळवून मगच गुंडाळायचे. पावसाळ्याआधी हे उरकले नाही तर इथल्या दमटपणात चार दिवसांत बुरशी धरते. आमच्या गच्चीवर सध्या सातचे शीड पसरले आहे, आणि ५.८ ची रांग रविवारी.