पडलेले झाड आणि कटर



"झाड कापायला काय लागतं? मशीन चालू केलं की झालं!" असे म्हणणारे काका आपल्याकडे घरोघरी आहेत. चेनसॉ आता कुठल्याही दुकानात मिळते. कोकणात तिला नुसते 'कटर' म्हणतात. पण कटर हातात आला म्हणजे झाड कापता आले असे नाही. हे समजून घ्यायला या खेपेस आपण ओमानच्या खजुराच्या बागांत जाऊ.

ओमान आपल्याला परका नाही. मुंबईच्या बाजारात जी खारीक आपण घेत होतो, तिच्यातली पुष्कळशी तिथूनच येई. मबसली नावाच्या जातीचा अर्धापिका खजूर मोठ्या कढयांत उकळून उन्हात वाळवायचा आणि गलबतांत भरून हिंदुस्थानला पाठवायचा, हा तिथला फार जुना धंदा.

आता वादळाची गोष्ट ऐका. २६ सप्टेंबर २०२१ रोजी 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आले. त्याचे अवशेष मराठवाड्यावरून गेले आणि तिथे नद्यांना पूर आले. मग ते अरबी समुद्रात उतरले, पुन्हा जोर धरला आणि त्याला नवे नाव मिळाले 'शाहीन', म्हणजे ससाणा. ३ ऑक्टोबरला हा ससाणा ओमानच्या बातिना किनाऱ्यावर, मुसन्ना आणि सुवैक या गावांच्या बाजूला झडपला. म्हणजे ज्याने मराठवाड्यात शेते बुडवली, त्यानेच ओमानात खजूर आडवे केले! त्याआधी जून २००७ मध्ये 'गोनू' वादळानेही ओमानचे असेच हाल केले होते. आणि आपल्या अलिबाग-श्रीवर्धनकडचे लोक ३ जून २०२० चे 'निसर्ग' वादळ विसरणार नाहीत. माडापोफळीच्या वाड्याच्या वाड्या झोपल्या, रस्ते बंद झाले, आणि ज्याला मिळेल त्याने कटर उचलला.

इथेच खरा धोका सुरू होतो. वादळात माणूस घरात बसून वाचतो आणि दोन दिवसांनी पडलेले झाड कापताना जायबंदी होतो. का होते असे? कारण पडलेले झाड निवांत पडलेले दिसते, पण ते ताणलेल्या धनुष्यासारखे असते.

समजा, खोड दोन्ही टोकांना टेकले आहे आणि मध्ये अधांतरी आहे. अशा वेळी त्याची वरची बाजू दाबलेली असते आणि खालची ताणलेली. सरळ वरून कापत गेलात तर खोड मिटते आणि करवत चिमट्यात सापडते. म्हणून आधी दाबलेल्या बाजूने थोडे कापायचे आणि मग ताणलेल्या बाजूने पुरे करायचे. एकच टोक टेकलेले असेल तर सगळे उलटे, वर ताण आणि खाली दाब. बालमित्रांनो, एक फूटपट्टी दोन पुस्तकांवर ठेवून मध्ये हलकेच दाबा, म्हणजे हे लगेच कळेल.

दुसरी गोष्ट मुळांची. झाड मुळासकट उपटते तेव्हा मातीचा मोठा गड्डा उभा राहतो आणि खाली खड्डा पडतो. खोड कापले की त्याचे वजन जाते आणि गड्डा झटकन पुन्हा खड्ड्यात बसतो. तेव्हा खड्ड्यात कोणी असेल तर वाचणे कठीण. लहान मुलांना अशा खड्ड्यात खेळायला फार आवडते. ऐकलंत ना? तिथे मुळीच जायचे नाही.

तिसरी गोष्ट करवतीचा उलटा तडाखा. पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला की अख्खे मशीन क्षणात उसळून आपल्या तोंडाकडे येते. साखळी सेकंदाला वीसेक मीटर धावते, म्हणजे तासाला सत्तर किलोमीटरच्या वर! माणूस हात मागे घेण्याआधीच काम झालेले असते. म्हणून मशीन दोन्ही हातांनी धरायचे, अंगठा मुठीला गुंडाळायचा, खांद्याच्या वर मशीन न्यायचे नाही, आणि साखळीचा ब्रेक नीट चालतो का हे रोज बघायचे. शिडीवर चढून कटर चालवणे तर सोडूनच द्या.

खजुराची गोष्ट आणखी वेगळी. खजूर, माड, पोफळ ही खरे म्हणजे गवताच्या नात्यातली झाडे. आतमध्ये वर्तुळे नाहीत, नुसते धागेच धागे. आंबा किंवा निलगिरी पाडताना थोडे लाकूड न कापता बिजागरीसारखे ठेवतात, म्हणजे झाड हव्या त्या बाजूला जाते. खजुराच्या बिजागरीचा तेवढा भरवसा धरता येत नाही. धागे मशीनमध्ये अडकतात, आणि ओमानच्या वाळूने दात लवकर बोथट होतात. बोथट करवत माणूस जोर लावून दाबतो आणि तिथेच घात होतो. खूण सोपी आहे. धारेची करवत लाकडाच्या कपच्या काढते, बोथट करवत पीठ पाडते. पीठ दिसले की थांबायचे आणि धार लावायची.

या दातांची एक गंमत आहे. जो कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने १९४६ साली एका ओंडक्यात किड्याची अळी लाकूड खाताना पाहिली. तिचे जबडे डावीकडे-उजवीकडे चालत होते. त्यावरून त्याने साखळीचे नवे दात बनवले, आणि आजच्या साखळ्या त्याच वळणाच्या आहेत.

पण दुसरी एक अळी खजुराची वैरीण आहे. कोकणातले बागायतदार 'सोंड्या भुंगा' ओळखतात. हा आपल्याकडचा भुंगा १९८० च्या दशकात आखाती देशांत पोचला, ओमानातही गेला आणि १९९९ मध्ये इस्राएलमध्येही सापडला. त्याची अळी खोड आतून पोखरते. बाहेरून झाड ठणठणीत दिसते आणि कापायला घेतले की मध्येच मोडून भलतीकडे पडते. म्हणून भोके, ओघळलेला तपकिरी रस आणि भुसा दिसला तर त्या झाडाला घरच्या माणसाने हातच लावू नये.

आणखी एक सांगतो. वर्षानुवर्षे न काढलेल्या वाळक्या झावळ्यांचा झगा खोडाभोवती असतो. तो खालून कापत गेले तर अख्खा झगा माणसावर घसरतो आणि गुदमरून जीव जातो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात असे झालेले आहे. ओमानी माणूस 'हाबूल' नावाचा दोराचा पट्टा कमरेला आणि खोडाला घालून चढतो आणि दर वर्षी झावळ्या साफ करतो. त्यामुळे झगा वाढतच नाही.

मजुरांचाही विचार करू या. हेल्मेट, चष्मा, कानावरची झाकणे आणि साखळी अडवणाऱ्या धाग्यांची जाड विजार, एवढे अंगावर लागते. उकाड्यात ते नकोसे होते आणि मग काढून ठेवले जाते. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला बंदी आहे. ही चांगली शिकवण आहे. थकलेल्या हातात कटर नको, आणि एकट्याने तर कधीच नको.

आपल्या तोरातही वेढा घातलेल्या शहराची फळझाडे तोडू नयेत असे सांगितले आहे. वादळाने पाडलेल्या झाडाला मात्र इलाज नसतो. तरी खजुराच्या बुंध्याशी फुटवे असतात. ते मुळांसकट वेगळे करून लावले तर आईसारखेच फळ देतात, बी लावून तसे होत नाही. म्हणून कटर चालू करण्याआधी झाडाभोवती एक फेरी मारा. ताण कुठे आहे, पळायची वाट कुठे आहे आणि फुटवे कुठे आहेत ते बघा. काकांनो, काही शंका वाटली तर जाणत्या माणसाला बोलवा. त्याला द्यायचे पैसे दवाखान्याच्या बिलापेक्षा कमीच असतील.